आधी पाण्याला वाट, मग गाडीला : शिवाररस्त्यांचे पुरापासून संरक्षण

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्याची ओळख दुष्काळी जिल्हा अशीच आहे. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला, तर बहुतेक भागात वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. अशा जिल्ह्यात पुराने रस्ते वाहून जाण्याचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु गेल्या काही वर्षांचा अनुभव वेगळा आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी पाथर्डी व शेवगाव तालुक्यांत ओढ्या-नद्यांना अचानक पूर येऊन शेती, घरे, जनावरे आणि रस्ते यांची मोठी हानी झाली. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे मृगाच्याही आधी, नगर तालुक्यात वाळकी-खडकी परिसरात वालुंबा नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या तालुक्यांना पुन्हा अतिवृष्टीचा तडाखा बसला.

अशा पुरानंतर पिकांच्या नुकसानीची चर्चा होते आणि ती व्हायलाही हवी. परंतु पीक एका हंगामाचे जाते, तर शिवाररस्ता गेला की पुढचे दोन-तीन हंगाम अडचणीत येतात. चाळीतला कांदा बाजारात नेता येत नाही, तोडणी झालेला ऊस फडातच वाळतो, दूध संकलन केंद्रापर्यंत पोहोचत नाही. वस्तीवरची मुले शाळेत जाऊ शकत नाहीत आणि आजारी माणसाला बाजेवर घालून चिखलातून आणावे लागते. म्हणून शिवाररस्ता हेही शेतीचे एक अवजार समजले पाहिजे आणि विहीर किंवा बांध यांच्याइतकीच त्याची निगा राखली पाहिजे.

शिवाररस्ते पुरात का तुटतात, ते तुटू नयेत म्हणून बांधणीत काय करावे आणि तुटल्यावर दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

दुष्काळी भागात पूर का येतो?

आपल्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पावसाचे दिवस कमी, पण एकेका सरीचा जोर मोठा असतो. सप्टेंबर हा आपल्याकडे सर्वांत भरवशाच्या पावसाचा महिना. त्या वेळी जमीन आधीच्या पावसाने ओली झालेली असते आणि तीत आणखी पाणी मुरायला फारसा वाव नसतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला म्हणजे त्याला अतिवृष्टी म्हणतात. पण हाच पाऊस २४ तासांत पडणे आणि एका तासात पडणे यांत फार फरक आहे. पहिल्या प्रकारात बरेच पाणी मुरते, दुसऱ्या प्रकारात ते वाहते.

दुसरे कारण भूरचनेचे आहे. पाथर्डी आणि नगर तालुक्यांत गर्भगिरीच्या डोंगररांगा आहेत. उतार उघडे, मातीचा थर उथळ आणि त्याखाली काळा कातळ किंवा मुरूम. अशा उतारावरचे पाणी अर्ध्या-पाऊण तासात पायथ्याला येते. पायथ्याशी भारी काळ्या जमिनी आहेत. त्या उन्हाळ्यात भेगाळतात आणि ओल्या झाल्या की फुगून भेगा मिटतात. त्यानंतर त्यांत पाणी फार हळू मुरते. डोंगर पाणी धरत नाही आणि सपाटी ते पीत नाही, मग सगळा भार ओढ्यावर येतो.

रस्ता तुटतो तो नेमका कशामुळे?

पुरानंतर रस्ता पाहायला गेल्यावर बहुतेक वेळा खालीलपैकी एक किंवा अनेक कारणे आढळतात.

१) पाणंदीचा ओढा होणे : जुन्या पाणंदी दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खोल असतात. पिढ्यान्पिढ्या गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या, दर पावसात माती वाहून गेली आणि वाट खाली जात राहिली. शेतांचे बांध मात्र उंच होत गेले. आता पाऊस पडला की दोन्ही बाजूंच्या शेतांचे पाणी पाणंदीत उतरते आणि तीच पाणी वाहून नेणारी चारी बनते. अशा पाणंदीत दरवर्षी कितीही मुरूम टाकला, तरी तो ओढ्यात टाकल्यासारखाच असतो.

२) शेताचा सांडवा रस्त्यावर सोडणे : आपल्या शेतात पाणी साचू नये म्हणून बांध फोडून पाणी रस्त्यावर काढून दिले जाते. एकाने काढले की शेजारीही काढतो. रस्ता सगळ्यांचा असल्यामुळे त्याची काळजी कोणालाच नसते.

३) मोरीची नळी अपुरी असणे : ओढ्यात एक-दोन सिमेंटच्या नळ्या टाकून वर भराव केला जातो. नळीचे माप पाण्याच्या हिशेबाने घेतले जात नाही, उपलब्ध पैशांच्या किंवा जवळ पडलेल्या नळीच्या हिशेबाने घेतले जाते. नळी तुंबली की भराव बंधाऱ्यासारखा पाणी अडवतो, पाणी त्यावरून जाऊ लागते आणि मागची बाजू खरवडून भराव तोडते.

४) ओढ्याची रुंदी घटणे : ओढ्याच्या दोन्ही काठांवर नांगर सरकत जातो. यंत्राने एका दिवसात ओढा सरळ आणि अरुंद करता येऊ लागल्यापासून हे प्रमाण वाढले आहे. तेच पाणी अरुंद पात्रातून जायचे म्हटले की त्याची खोलीही वाढते आणि वेगही.

५) कोरडा, न दाबलेला मुरूम : मे महिन्यात डंपरने मुरूम टाकायचा आणि ट्रॅक्टरच्या फाळीने पसरायचा, एवढ्यालाच रस्ता म्हटले जाते. पाणी न मारता आणि रोलर न फिरवता टाकलेला मुरूम पहिल्या मोठ्या पावसात सुटतो.

पाण्याचा वेग ही यातील कळीची बाब आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते पूर्वीपेक्षा सुमारे ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकते, असा जलशास्त्रातील जुना नियम आहे. काल जे पाणी वाळू वाहत होते, ते आज धोंडे का वाहते, याचे उत्तर या नियमात आहे.

एक घरचाच अनुभव

येथे दुसऱ्याचे उदाहरण देण्यापेक्षा घरचेच देतो. आमच्या शेताच्या कडेने एक ओढा जातो आणि त्याच ओढ्यातून वस्तीचा रस्ता पार होतो. आजोबांच्या वेळी ओढा वीस फूट रुंद होता, असे घरची जुनी माणसे सांगतात. आमच्या बाजूने सुमारे शंभर मीटर लांबीत साडेसहा-सात फूट पट्टा आम्ही हळूहळू शेतात घेतला. समोरच्या शेतकऱ्यानेही तेवढाच घेतला. आम्हाला दोन गुंठे जमीन मिळाली आणि ओढ्याला सहा-सात फूट रुंदी उरली. मी तेव्हा कृषी पदवीला शिकत होतो. मृद व जलसंधारणाचा पेपर मला चांगला गेला होता. तरी ही गोष्ट चूक आहे, असे मी घरी कधी बोललो नाही.

पुढे एका सप्टेंबरमध्ये रात्री दीड-दोन तास जोराचा पाऊस झाला. सकाळी ओढ्यावरचा भराव, दोन्ही नळ्या आणि रस्त्याची सुमारे साठ फूट लांबी जागेवर नव्हती. आमचे दोन गुंठे तर गेलेच, शिवाय आतल्या कपाशीचाही एक पट्टा खरवडून गेला. पुढचे चार दिवस वस्तीवरचे दूध बाहेर जाऊ शकले नाही. काहींनी त्याचे तूप-खवा केले, बाकीचे ओतून द्यावे लागले. पलीकडच्या एका बाळंतिणीला चौघांनी झोळीतून पाण्यापलीकडे आणले. ती सुखरूप राहिली हे सगळ्यांचे दैव. दोन गुंठ्यांच्या कपाशीचे उत्पन्न आणि या नुकसानीची किंमत यांचा हिशेब वडिलांनी कागदावर मांडला नाही, पण त्या हिवाळ्यात त्यांनी स्वतः पुढे होऊन ओढ्याची हद्द मागे घेतली. समोरचा शेतकरी आठ दिवस आमचे काम पाहत होता, मग त्यानेही घेतली.

या प्रसंगातून जे शिकलो ते असे, की रस्त्याचे काम रस्त्यापासून सुरू होत नाही. पाण्याची वाट आधी ठरवावी लागते.

पाण्याचा हिशेब कसा करावा?

हा हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले, एवढे लक्षात ठेवावे.

समजा, आपल्या ओढ्याच्या वर ४० हेक्टर (सुमारे १०० एकर) पाणलोट आहे. तासाला ७५ मिलिमीटर या वेगाने पाऊस झाला आणि त्यातील निम्मे पाणी वाहून आले. मग तासाला १५,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४,२०० लिटर पाणी ओढ्यात येईल.

आता नळीकडे पाहू. ६०० मिलिमीटर (दोन फूट) व्यासाच्या नळीतून पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने गेले, तर सुमारे ५६५ लिटर पाणी जाते. दोन नळ्यांतून साधारण १,१३० लिटर जाईल, म्हणजे आलेल्या पाण्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडे जास्त. उरलेले ३,००० लिटर पाणी दर सेकंदाला भरावावरून जाईल. ९०० मिलिमीटर (तीन फूट) व्यासाच्या नळीतून सुमारे १,२७० लिटर जाते. म्हणजे अशा चार नळ्या लागतील, आणि तेही त्यांच्या तोंडाशी पालापाचोळा, बाभळीच्या फांद्या अडकल्या नाहीत तर.

याउलट ६ मीटर लांबीच्या फरशीवरून अर्धा मीटर खोलीचे पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने गेले, तर ४,५०० लिटर पाणी विनाअडथळा निघून जाते. म्हणूनच लहान ओढ्यांवर अपुऱ्या नळ्यांच्या उंच भरावापेक्षा पक्की बुडती फरशी अधिक टिकते. पाणी चढलेले असताना तिच्यावरून जाता येत नाही हे खरे. पण लहान पाणलोटाचा पूर बहुधा काही तासांत ओसरतो, आणि वाट बंद राहते ती तेवढ्यापुरतीच. भराव वाहून गेला, तर महिनोन्‌महिने जाता येत नाही.

पाणलोट याहून बराच मोठा असेल किंवा ओढा बारमाही असेल, तर हा अंदाज पुरेसा नाही. तेथे अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा.

रस्ता बांधताना घ्यावयाची काळजी

१) पाहणी : पावसाळ्यात, शक्यतो पाऊस चालू असताना किंवा थांबल्यावर लगेच, वाटेने चालत जावे. पाणी कोठून उतरते, कोठे साचते, कोठे वाट ओलांडते त्या जागी खुंट्या माराव्यात. झाडांना व बांधांना अडकलेल्या काडीकचऱ्यावरून पुराची पातळी समजते. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत यांपैकी काहीच दिसत नाही.

२) उंची : रस्त्याचा माथा शेजारच्या शेतापेक्षा किमान ४५ सेंटिमीटर (दीड फूट) उंच असावा. खोल पाणंद वर आणणे शक्य नसेल, तर निदान वरच्या अंगाने पाणी वळवून घ्यावे.

३) पाया : भारी काळ्या जमिनीत वरची ३० ते ४५ सेंटिमीटर माती काढून बाजूला टाकावी आणि तेथे मुरूम भरावा. काळी माती भरावात कधीही वापरू नये. ओली झाली की ती भार सोसत नाही.

४) थर व दाब : मुरूम १५ सेंटिमीटरपेक्षा जाड थरात टाकू नये. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ यासाठी उत्तम, कारण तेव्हा जमिनीत थोडी ओल असते आणि विहिरींना पाणीही असते.

५) मध्यभागी फुगवटा : रस्ता सपाट ठेवू नये. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य दोन्ही कडांपेक्षा ७ ते ८ सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे पाणी चाकोरीत न थांबता कडेला जाते. चाकोऱ्या दिसू लागताच त्या भरून घ्याव्यात. एका पावसाळ्यात चाकोरीची ओघळ होते आणि दुसऱ्या पावसाळ्यात ओघळीची घळ.

६) बाजूच्या नाल्या : दोन्ही बाजूंना तळात ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल, तिरप्या कडांच्या नाल्या काढाव्यात. नालीतील पाणी दर ३० ते ५० मीटरवर गवताळ जागेत किंवा नैसर्गिक ओघळीत सोडावे. एकाच नालीने लांबवर पाणी नेल्यास ती नालीच रस्ता कातरत जाते.

७) आडवे उंचवटे : डोंगरउतारावरील गाडीवाटा आणि पायवाटांवर पाणी वाटेनेच खाली धावते. तेथे वाटेला तिरपे, खालच्या बाजूला ३० अंशांच्या आसपास वळलेले दगड-मुरमाचे उंचवटे घालावेत आणि पाणी बाजूला काढून द्यावे. दोन उंचवट्यांमधील अंतर उतारानुसार पुढीलप्रमाणे ठेवावे : २ टक्के उतार – ७५ मीटर, ५ टक्के – ४० मीटर, १० टक्के – २५ मीटर, १५ टक्के – १८ मीटर. हे काम गावातील माणसे टिकाव-फावड्याने दोन-चार दिवसांत करू शकतात आणि त्याला मजुरीशिवाय फारसा खर्च नाही.

८) फरशी : फरशीचा तळ ओढ्याच्या तळाइतकाच असावा, उंच ठेवू नये. फरशीच्या वरच्या व खालच्या दोन्ही कडांना जमिनीत १ ते १.२ मीटर किंवा कातळ लागेपर्यंत काँक्रीटच्या अडभिंती उतरवाव्यात. फरशी तुटते ती बहुधा खालच्या कडेला माती निघून पोकळी झाल्यामुळे. म्हणून खालच्या बाजूला मोठ्या दगडांचे पिचिंग करावे. फरशीचा मध्य थोडा खोलगट ठेवावा, म्हणजे पूर मध्यातून जातो आणि बाजूचे काठ कापले जात नाहीत. दोन्ही कडांना पांढरा रंग दिलेले खांब रोवून त्यांवर पाण्याची खोली दाखवणाऱ्या खुणा कराव्यात.

९) नळीची मोरी : जेथे नळीच टाकायची असेल तेथे ९०० मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाची टाकू नये. लहान नळी लवकर तुंबते आणि आत शिरून साफ करता येत नाही. नळीच्या दोन्ही तोंडांना दगडी किंवा काँक्रीटची भिंत बांधावी. रस्त्याचा एक भाग मुद्दाम थोडा खाली ठेवून तेवढ्या लांबीत दगडी पिचिंग करावे, म्हणजे जास्तीचे पाणी तेथूनच ओलांडेल आणि मोरी वाचेल.

१०) गवत व झाडे : भरावाच्या उतारावर वाळा गवताची ठोंबे जूनमध्ये १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, समपातळीच्या ओळीत लावावीत. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती घट्ट धरतात. नालीच्या कडेला मारवेल किंवा हमाटा (स्टायलो) घेतल्यास माती टिकते आणि जनावरांना चाराही मिळतो. हलक्या जमिनीत घायपाताचे कुंपण चालते. मोठी झाडे भरावावर न लावता नालीच्या पलीकडे लावावीत.

पाणलोटातील कामे

रस्ता कितीही पक्का केला, तरी वरून येणारे पाणी कमी झाल्याशिवाय त्याचे आयुष्य वाढत नाही. आपल्या जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरेबाजार या गावांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे केली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांतही पाणलोट विकासाचे काम झाले. ही कामे दुष्काळाशी लढण्यासाठी झाली, परंतु पुराचा जोर कमी करण्यासाठीही ती उपयोगी आहेत.

त्यांचा उपयोग किती, हेही हिशेबाने पाहावे. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल सलग समपातळी चर दर १० मीटरवर काढल्यास हेक्टरी १,००० मीटर लांबी होते आणि त्यात १८० घनमीटर पाणी मावते. म्हणजे वाहून जाणारे १८ मिलिमीटर पाणी अडते. निम्मे पाणी वाहते असे धरल्यास ३६ मिलिमीटर पावसाचा अपधाव या चरांत थांबेल. एका तासात १०० मिलिमीटर पाऊस झाला, ज्याला ढगफुटी म्हणतात, तर चर भरून वाहतील. तरीही पुराचा पहिला लोंढा त्यांत अडतो, पाणी उशिरा व सावकाश येते आणि गाळ वरच राहतो. मात्र चर गाळाने भरलेले असतील, तर त्यांचा उपयोग नाही. दर दोन-तीन वर्षांनी त्यांची डागडुजी करावी.

शेतातील बांधांना दगडी सांडवे करावेत. सांडव्याचे पाणी खालच्या शेताच्या बांधाकडे किंवा ओघळीकडे जावे, रस्त्याकडे जाऊ नये. घळींमध्ये वरून खाली या क्रमाने अनघड दगडांचे लहान बांध घालावेत. ओढ्याचे सरळीकरण व रुंदी कमी करणे टाळावे.

हद्द आणि हक्क

शिवाररस्त्याचे काम पैशांपेक्षा जास्त वेळा हद्दीवरून अडते. गावनकाशात तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला ग्रामीण गाडीमार्ग १६.५ ते २१ फूट रुंदीचा आणि तुटक एकेरी रेषेने दाखवलेला पायमार्ग ८.२५ फूट रुंदीचा असतो. काम सुरू करण्यापूर्वी नकाशाची प्रत काढून ती ग्रामसभेत सर्वांसमोर वाचावी. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. शेताला रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो.

रस्ता आणि प्रवाह ही दोन्ही एकाच कलमात आली आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. ज्याने ओढा अडवला त्याने रस्ताही अडवला, असेच समजावे. तथापि, कज्जा हा शेवटचा उपाय आहे. बांधावर बसून दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट सोडले, तर तारखांचा खर्च वाचतो.

निधीसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना रोजगार हमीच्या कामांशी जोडून सुरू केली होती. सध्या कोणत्या योजनेतून काम घेता येईल, याची चौकशी पंचायत समितीत करून ग्रामसभेचा ठराव वेळेत पाठवावा. अंदाजपत्रकात फक्त मुरूम न धरता नाल्या व फरशी यांचाही समावेश करून घ्यावा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील हजारो हातांनी खडी फोडून रस्ते केले. त्या वेळी पाणी नव्हते म्हणून रस्ते झाले, आता पाण्याचा विचार न केल्यामुळे ते जाऊ नयेत.

पूर येताना व ओसरल्यावर

१) फरशीवर पाणी असताना बैलगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर घालू नये. गुडघाभर वाहत्या पाण्यात माणसाचा पाय निसटतो आणि दोन फूट पाणी जीपसारखे वाहनही ढकलू शकते. गढूळ पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की नाही हेही दिसत नाही. माणूस घरी उशिरा पोहोचला तरी चालेल.

२) पाणी ओसरल्यावर तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दगड किंवा काटेरी फांद्या टाकून वाट बंद करावी. रात्री येणाऱ्याला खड्डा दिसत नाही.

३) दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे काढावीत. पीक, खरडून गेलेली जमीन आणि गाळाने भरलेली विहीर यांच्या पंचनाम्यासाठी तलाठी (ग्राम महसूल अधिकारी) व कृषी सहायक (सहायक कृषी अधिकारी) यांना, तर रस्त्यासाठी ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि पोहोच घ्यावी.

४) तात्पुरती वाट करताना ओढ्यात मातीचा भराव घालू नये. काठ तिरपे कापून उतार करावा आणि तळात मोठे दगड बसवावेत. पुढच्या पावसात पाणी त्यावरून जाईल, पण अडणार नाही.

५) घळ भरताना तळात मोठे दगड, वर लहान दगड आणि शेवटी मुरूम हा क्रम ठेवावा. नुसती माती टाकल्यास ती पुढच्या सरीत जाते.

६) नळ्यांतील गाळ व काडीकचरा लगेच काढावा. परतीचा पाऊस अजून बाकी असतो.

वर्षभराचे नियोजन

ऑक्टोबर : रस्त्याची पाहणी, तुटलेल्या जागांची नोंद, ग्रामसभेत ठराव.
नोव्हेंबर ते जानेवारी : भराव, मुरमाचे थर व दाब, फरशीचे काम.
फेब्रुवारी ते एप्रिल : समपातळी चरांतील गाळ काढणे, सांडवे व घळीतील दगडी बांध यांची दुरुस्ती.
मे : नाल्या व मोऱ्या साफ करणे, आडवे उंचवटे नीट करणे. ही कामे २० मेपूर्वी संपवावीत, कारण वादळी पाऊस आता मृगाची वाट पाहत नाही.
जून : वाळा, मारवेल, हमाटा यांची लागवड.
जुलै ते सप्टेंबर : प्रत्येक मोठ्या पावसानंतर वाटेने एक फेरी. एक फावडे मुरूम वेळेवर टाकला, तर पुढचा एक डंपर वाचतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पाणी आपल्या हद्दी मानत नाही. ते उतार मानते आणि आपल्या जुन्या वाटेने जाते. ती वाट आपण नांगरली, तर ते आपल्या वाटेने जाते. म्हणून यंदा शिवाररस्त्याचा विषय ग्रामसभेत निघेल तेव्हा मुरूम किती डंपर टाकायचा, हा प्रश्न दुसरा ठेवावा. पाणी कोठून जाणार, हा पहिला. त्याचे उत्तर गावाने एकत्र बसून ठरवले, तर पुढच्या सप्टेंबरात वस्तीवरचे दूध वेळेवर डेअरीला पोहोचेल.